डोंगर रंगवणाऱ्या पोराचे काय करायचे?



गेल्या महिन्यात एका दावतीच्या निमित्ताने आम्ही जुन्नरला आमच्या फुफीच्या घरी दोन दिवस राहून आलो. पाऊस नुकताच ओसरला होता. घराच्या गच्चीवरून शिवनेरी अगदी समोर दिसतो. गडावरची कमानी मशीद, तिचे दोन मिनार आणि त्यांना जोडणारी ती कमान, ढग हलले की स्पष्ट व्हायची आणि पुन्हा झाकून जायची. आम्ही चहाचा कप घेऊन ते पाहत बसलो होतो. तेवढ्यात फुफेरा भाऊ वर आला. हातात कागदांची गुंडाळी.

"भाईजान, तुम्ही लिहिता-वाचता, शिकलेल्या लोकांत ऊठबस आहे तुमची. हे बघा आणि सांगा, या पोराचे काय करायचे?"

पोरगा यंदा दहावीला. कागद उलगडले तर एकामागून एक डोंगर. शिवनेरी सकाळचा, शिवनेरी पावसातला, लेण्याद्रीची कपार, हापूसबागेतला सौदागर गुंबज, कुकडीच्या पुलाखालचे पाणी. काही चित्रे कच्ची होती, काही चिखल झालेली. पण दोन-तीन अशी होती की आम्ही कप खाली ठेवला.

भावाचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्याची अडचण साधी आणि खरी होती. "आपल्याकडे पूर्वी बोर्ड पेंटर होते. चांगले कमवायचे. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत सगळे घरी बसले. डोंगर काढून पोट भरते का कुणाचे?" खाली आलो तर फुफीने दुसरी बाजू मांडली. "घरात तसबिरी नकोत बाबा. नमाज पढायची जागा आहे ही." पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो काहीच बोलला नाही. नंतर त्याच्या अम्मीने सांगितले की मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याची एक अख्खी वही रद्दीत गेली, आणि तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

आमच्या घराघरांतून हे दोन प्रश्न विचारले जातात, म्हणून या महिन्याचा मजकूर त्यांच्यावरच.

आधी फुफीचा प्रश्न. आम्ही फतवा देणारे नाही. ज्याला शंका आहे त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावे. पण जे सर्वांना माहीत आहे ते सांगायला हरकत नाही. चित्रांबाबत जी सक्त मनाई सांगितली जाते, ती जिवंत प्राण्यांच्या आकृतींबद्दल आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा रस्ता दाखवला, हे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या भिंतींवर तेराशे वर्षांपूर्वीचे काचेच्या तुकड्यांचे काम आजही दिसते. त्यात नदी आहे, मोठमोठी झाडे आहेत, घरे आणि महाल आहेत. माणूस किंवा जनावर मात्र कुठे नाही. म्हणजे पोरगा जे काढतो आहे, डोंगर, झाड, पाणी, ढग, ते आपल्या परंपरेला परके नाही. फुफीने हे ऐकून घेतले. पटले की नाही ते चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

भावाच्या प्रश्नाला मात्र एका वाक्यात उत्तर नव्हते. म्हणून रात्री जेवण झाल्यावर आम्ही सर्वांना आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगितली.

आबालाल कोल्हापूरचे. जन्म १८५७च्या उठावाच्या आगेमागे. घराण्याचा पिढीजात पेशा कुरआन शरीफच्या प्रती हाताने लिहिण्याचा. आज छापील प्रत सहज मिळते, म्हणून या कामाची किंमत आपल्याला कळत नाही. बोरूचे टोक किती तिरके तासायचे, शाई किती पातळ ठेवायची, हात कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, एका पानावर चूक झाली तर ते पान पुन्हा कसे लिहायचे, हे सगळे लहानपणापासून डोळ्यांत आणि बोटांत उतरते. ओळींच्या कडेला वेलबुट्टी येते, रंग येतात, कधी सोनेही येते. आबालालची पहिली शाळा हीच. सबर आणि हाताची साफसफाई तो घरातूनच घेऊन निघाला.

इथे आम्ही फुफीला जुन्नरचीच आठवण करून दिली. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. तो करणारे कागदी बहुतेक आपलेच लोक. जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, चुन्यात मुरवायच्या. लगदा पाण्यात कालवून चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. पुण्यातल्या कागदीपुऱ्याच्या नावात तोच पेशा आहे. आपल्या गावात कागद होत असे, आणि आपल्यासारख्याच एका घरात त्या काळी कागदावर देखणी अक्षरे उमटत होती. चित्रकला म्हणजे बाहेरून आलेले काही तरी खूळ, असे समजायचे कारण नाही.

तर आबालाल. कोल्हापुरात त्या वेळी इंग्रजांचा रेसिडेंट असे. त्याच्या मडमेला फारसी शिकवण्याच्या निमित्ताने या घराचा बंगल्याशी संबंध आला, तिथे या मुलाचा हात दिसला आणि त्याला मुंबईला धाडण्याची शिफारस झाली, असे सांगतात. एवढे खरे की १८८०च्या दशकात आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते.

हे स्कूल सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले. आबालालच्या काळात जॉन ग्रिफिथ्स हे तिथले प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. शिक्षण विलायती पद्धतीचे. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवायचे आणि कोळशाने किंवा पेन्सिलीने ते हुबेहूब उतरवायचे. उजेड कुठून येतो, सावली कुठे गडद होते, गडदपणा कुठे हळूहळू विरतो, हे महिनोन् महिने घोटायचे. मग दूरदृश्य, म्हणजे रस्ता लांब जाताना अरुंद का दिसतो, लांबचा डोंगर फिका का दिसतो, याचे गणित. रंग त्यानंतर. आबालाल यात असे तरबेज झाले की व्हाइसरॉयच्या नावाचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्यांची विद्यार्थिदशेतली कामे जे. जे.ने जपून ठेवली.

असे पदक मिळाल्यावर मुंबईत राहून मोठमोठ्या शेठ लोकांच्या तसबिरी रंगवल्या असत्या तर पैसा कमी नव्हता. आबालाल कोल्हापूरला परतले. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले आणि पुढे त्यांनी आबालालना दरबारच्या आश्रयाला घेतले. महाराजांसाठी त्यांनी शिकारीची दृश्ये काढली, व्यक्तिचित्रेही काढली. पण त्यांचा जीव रमला तो कोटीतीर्थाच्या काठी. शहराच्या कडेला असलेल्या या तळ्याजवळ ते फकिरासारखे राहिले. रंकाळा, पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातला संध्यामठ, तळ्याकाठची झाडे आणि मळे, हेच त्यांचे विषय. एकच जागा सकाळी, दुपारी, मावळतीला, पावसात, उन्हात. रंग विकत आणण्यापेक्षा माती आणि झाडपाल्यापासून घरी करून बघण्याचा त्यांना नाद होता, असे कोल्हापूरकर सांगत आले.

त्यांच्या निसर्गचित्रांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. रंग सपाट फासलेला नसतो. छोटे छोटे ठिपके आणि तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरकले की पाण्यावरचा उजेड. त्याच सुमारास फ्रान्समध्ये काही चित्रकार उजेडाचा असाच शोध घेत होते. आबालाल विलायतेला कधी गेले नाहीत. ते कोटीतीर्थाकडे बघत बसले, एवढेच. रोज बघता बघता ज्याला जे दिसायचे ते दिसते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. आबालालचा आधार तुटला. त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आकडा कुणी मोजलेला नाही. पण आयुष्यभर रोज काम करणाऱ्या माणसाची आज फार थोडी चित्रे उरली आहेत, हे तर दिसतेच आहे. १९३१ साली त्यांचा इंतकाल झाला.

"म्हणजे शेवटी गरिबीच," भाऊ म्हणाला.

हे आम्ही नाकारले नाही. आबालालची गोष्ट सांगून कुणाच्या मुलाला फकिरी शिकवावी, असे आमचे म्हणणे नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. कोल्हापुरातले तरुण त्यांना मानत होते. त्यांतलेच एक बाबूराव पेंटर. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट आणला. हे बाबूराव जे. जे.ला गेले नव्हते. लाकूडकाम आणि मूर्तिकाम करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली शिकले. चित्रपटाचे पडदे, देखावे, पोशाख, जाहिराती, या सगळ्यांत चित्रकाराचा हात लागत होता, आणि त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. दत्तोबा दळवींचे नाव आजही कोल्हापुरातल्या एका कलाशाळेला आहे. चित्रपटात नाव कमावलेले चंद्रकांत मांढरे जन्मभर निसर्गचित्रे काढत राहिले. त्यांनी राजारामपुरीतले आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले आणि तिथे आज संग्रहालय आहे. एका माणसाने तळ्याकाठी बसून केलेल्या कामाचा प्रकाश किती लांब पडतो, हे यावरून कळावे.

आता आजचे बोलू. दहावीच्या आधी शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतात. त्यांची फी फार नसते. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, ते वेगळेच. पण मुलाला खरेच गती आहे की नुसती हौस, हेही तिथे समजते. पुढे दोन रस्ते आहेत. एक, कला संचालनालयाच्या अखत्यारीतले अभ्यासक्रम, ज्यातून शाळेत चित्रकला शिक्षक होता येते. दुसरा, बारावी करून प्रवेश परीक्षा द्यायची आणि पदवीला जायचे. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, कोल्हापुरात कलानिकेतन आहे, मुंबईत जे. जे. आहेच. जुन्नरच्या मुलाला पुणे काही परमुलूख नाही. नारायणगावला एसटी धरली की झाले. निसर्गचित्रे विकून घर चालवणारे थोडेच निघतात, हे आम्ही भावाला स्पष्ट सांगितले. पण पुस्तकांची चित्रे, ॲनिमेशनमधले देखावे, घरांची अंतर्गत सजावट, शाळेची नोकरी, या सगळ्यांना ज्याचा हात आणि नजर पक्की आहे तो लागतो. फ्लेक्सने बोर्ड पेंटरचे काम खाल्ले हे खरे. मात्र फ्लेक्सवर काय छापायचे ते अजून कुणाला तरी काढावेच लागते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही पोराला घेऊन बाहेर पडलो. भावाने दुकान उशिरा उघडायचे ठरवले आणि गाडी काढली. फुफीही म्हणाली, मला डिंभ्यापर्यंत न्या. घोडेगावावरून डिंभे धरणाकडे निघालो. भाताच्या खाचरांत पाणी, वर हिरड्याची झाडे. याच हिरड्यापासून पूर्वी शाई आणि कापडाचे रंग करीत, हे पोराला सांगितले तर त्याने लगेच एक फळ खिशात टाकले.

धरणाच्या पाण्याकाठी तो बसला. आम्ही जवळून पाहत होतो. आधी कागद ओला केला, मग आभाळ. पाण्याच्या रंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोराच सोडायचा असतो. फिके आधी, गडद मागून. एकदा गडद झाले की परत फिके होत नाही. आणि हे सगळे दोन तासांत, कारण तेवढ्यात सावल्या सरकतात. डोंगर काढताना त्याने काळा रंग घेतलाच नाही. विचारले तर म्हणाला, "चाचा, सह्याद्रीचा दगड काळा नाहीच. सकाळी जांभळा असतो, ओला झाला की निळा." भाऊ या डोंगरांत चाळीस वर्षे राहतो आहे. तो मान वळवून डोंगराकडे बघायला लागला.

फुफी पाण्याकडे पाहत होती. तिचे माहेर जुन्या आंबेगावचे. ज्या गावाच्या नावाने तालुका आहे, ते मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की जुन्या बांधकामांचे दगड वर येतात. बाकी वर्षभर नुसते पाणी.

घरी आल्यावर फुफीने आपली पत्र्याची पेटी उघडली. लग्नातल्या साडीखालून तिने एक घडी केलेला कागद काढला. तिचा थोरला भाऊ शाळेत मास्तर होता. गाव उठायच्या आधी त्याने नदीच्या पलीकडच्या चढावर बसून पेन्सिलीने आंबेगाव काढले होते, वर थोडासा पाण्याचा रंग. कागद घड्यांवर फाटत आला होता. पण घोड नदी होती, बाजाराची गल्ली होती, झाडे होती, मागे डोंगर होता. फुफीने बोट ठेवून एकेक घर दाखवले. हे आमचे. हे कासाराचे. इथे पिठाची गिरणी. इथे आम्ही पाणी भरायचो. चित्रात माणूस एकही नव्हता, तरी तिने सगळ्यांची नावे घेतली.

एवढी वर्षे तिने ते कुणाला दाखवले नव्हते. "तसबीर म्हणून ठेवली नाही मी," ती म्हणाली. "माहेर म्हणून ठेवली."

पोरगा त्या कागदावर वाकून बघत राहिला. मग त्याने विचारले, "दादी, मी याची नक्कल करू? हा फाटायच्या आधी." फुफीने हो म्हटले. अट एकच घातली, की नक्कल होईपर्यंत कागद घराबाहेर जायचा नाही.

भावाने लगेच सगळे कबूल केले असे नाही. इंटरमिजिएट द्यायची, दहावीला गणितात नापास व्हायचे नाही, बारावी पुरी करायची आणि सुट्टीत दुकानात बसायचे, मग पुढचे पाहू, एवढे ठरले. आम्हाला ते रास्त वाटते. वेल्डिंगच्या ठिणगीत किती रंग असतात हेही त्याने बापाजवळ बसून बघावे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी असे मूल असेल तर आम्ही तीन गोष्टी सुचवतो. त्याचे कागद रद्दीत देऊ नका. एक पत्र्याची पेटी किंवा जाड पुठ्ठ्याची फाइल करून द्या आणि प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि जागा लिहायला लावा. महागड्या रंगांच्या मागे लागू नका. साधी रंगांची डबी, दोन चांगले ब्रश आणि जाड कागद पुरे, पण तो कागद संपेल तसा देत राहा. आणि महिन्यातून एकदा त्याला बाहेर न्या, मग ती नदी असो, गड असो की शेताचा बांध. तो काढत असेल तेव्हा शेजारी गप्प बसा. त्याला काय दिसते ते विचारा.

आबालालची चित्रे पाण्यात गेली, कारण ती जपायला घर उरले नव्हते. आंबेगाव पाण्यात गेले, पण एका पेटीत थोडे उरले. आपल्या मुलांच्या हातात अल्लाहने काय ठेवले आहे ते आपल्याला आधी कळत नाही. ते नीट सांभाळण्याची तौफिक त्याने आपल्याला द्यावी, हीच दुआ. आमीन.